पोळ्याच्या रांगेतलं विमान

रोहणा, नागपंचमी
सन १९५४

अहो,

पत्राच्या वर काय लिहावं, यातच सकाळ गेली. तीर्थरूप लिहावं तर तुम्ही माझे वडील नाही. प्रिय लिहावं तर दोन वर्षांत तशी काही वागणूक नाही. म्हणून नुसतं अहो. तुमची पत्रं घरी येतात ती मामाजींच्या नावावर, आणि शेवटी 'सर्वांस नमस्कार' असतो. त्या सर्वांमध्ये मी असते असं धरून चालते.

काल सिंदीहून माझे बाबा आले. हातात पिशवी नाही, खाऊ नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बोलायला आलेत. जेवणं झाली आणि ते मामाजींना म्हणाले, "वासुदेवराव, पोरीले असं कवरिक टांगून ठेवाचं? ना नांदवणं, ना सोडणं. पोळा होऊ द्या, गणपती बसू द्या, मंग पंच बोलवू आन् काडी मोडून मोकळे होऊ."

मामाजी सुपारी कातरत बसले. आपल्या लेकाची बाजू घ्यायला त्यांच्याकडे होतं तरी काय?

काडीमोडीचं मला भय नाही. आपल्यात त्यात लाजही नाही. माझ्या मावशीची झाली, दुसरा पाट लागला, आणि आज ती सुखात आहे. बाबांनी माझ्यासाठी पुलगावच्या गिरणीतला कुणी बघूनही ठेवलाय असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. ते वाईट नाहीत. लेकीचे दिवस फुकट चाललेले त्यांना बघवत नाहीत, एवढंच. पण मी दाराआडून सांगितलं, "मले त्यायले आधी एक गोष्ट इचारू द्या." बाबा म्हणाले, "इचार बापा. कागदच जाईन."

तर विचारते. तुम्ही विमानाकडे गेलात, की माझ्यापासून गेलात?

राग येऊ देऊ नका. आला तरी मला इथून दिसणार नाही. विचारायचं कारण असं, की विमान हा काही तुमचा पहिला नाद नाही. माझ्या लग्नाआधीचे मुद्गल अजून ओसरीत आहेत, आत्याबाई त्यावर पापड वाळत घालतात. पेटी शिकायची म्हणून पेटी आणली, तिच्यात उंदरांनी संसार थाटला आणि तो आपल्यापेक्षा चांगला चालला. मग वर्ध्याहून मधमाश्यांची खोकी आली. माश्या उडून गेल्या, खोकी राहिली. आणि मग त्या कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही जेवताना म्हणालात, की आता शेतीवर येणार नाही, नागपूरलाच राहून प्रवासी विमानाचा वैमानिक होणार. मी वाढत होते. मी एवढंच म्हटलं, "हे कितीक दिवस?" तुम्ही ताटावरून उठलात ते उठलातच.

माझा प्रश्न वाईट होता का? तुम्हीच सांगा.

आतून ओढ असेल तर मी आणखी वाट बघेन, कुरकुर न करता. हौस असेल तर नाही बघणार. मी बावीस वर्षांची आहे, सातवी पास आहे, धडधाकट आहे. दुसऱ्याच्या हौसेपायी पापड वाळवत बसायची माझी तयारी नाही.

पंचफुला


रोहणा, राखीपुनव

अहो,

तुमचं पत्र मिळालं. माझ्या नावावर आलं म्हणून पोस्टमननं दोनदा विचारलं, "वासुदेवरावचं तं नोहे ना?" लेकाचं अक्षर म्हणून आत्याबाईंनी ते डोळ्याला लावलं आणि माझ्या हातात दिलं.

दोन कागद भरून इंजिन, होकायंत्र, वाऱ्याची दिशा, आणि माझ्यासाठी एक ओळ. 'मी तुझ्यापासून पळालो नाही, पण हे तुला पटवू कसं ते कळत नाही.' ती ओळ मी पुष्कळ वेळा वाचली. चांगली आहे. पण कागदावर कुणालाही चांगलं लिहिता येतं.

एक गोष्ट मात्र मला नवी वाटली. तुम्ही लिहिलंय, की रोज रात्री चारी दिशांनी डाकेची विमानं नागपूरला येतात, थैल्यांची अदलाबदल करतात आणि परत जातात. बघायला कुणी नसतं, टाळी कुणी वाजवत नाही, आणि तेच तुम्हाला आवडतं. वर जाऊन कोलांट्या मारणाऱ्यांचं तुम्हाला काही वाटत नाही. मुद्गल फिरवताना मात्र तुम्हाला बघायला माणसं लागायची, असं आत्याबाई सांगतात.

आता खरं काम. तुम्ही लिहिलंत, की पोळ्याच्या दिवशी एकट्यानं अकोल्याला जाऊन परत यायचंय, परतताना आर्वीच्या बाजूनं येईन, बैल आखराच्या मैदानावर उभे असतील तेव्हा दिसलो तर बघ. मी मामाजींना एवढंच सांगितलं. माझी तेवढीच चूक. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की वासुदेवरावाचा पोरगा विमान घेऊन पोळ्यात उभा राहणार!

हसू नका. तुम्ही गावचे आहात, तुम्हाला ठाऊक आहे. पोळ्याला ज्याची जोडी तोरणाखालून जात नाही, त्याला त्या दिवशी कुणी गावकरी धरत नाही. तुम्ही दोन वर्षं आला नाहीत. मामाजी दोन्ही वर्षं एकटे जोडी धरून उभे राहिले आणि लोकांनी विचारलं, "पोट्टं कोठी गेलं?" यंदा ते सदाशिवराव पाटलांकडे गेले आणि म्हणाले, "माही एक जोडी खालून येईन, एक वरून. वरच्या जोडीचीबी जागा ठेवजा." पाटलांनी कबूल केलं. आपल्या जोडीच्या शेजारी विमानाची जागा मोकळी सोडायची ठरली. मामाजींनी आर्वीहून तांबडं कापड आणलं आणि मला विचारलं, "इमानाले झूल घालता येते काय वं?" आत्याबाईंचा घोर वेगळाच. बैल घरी आले की पाय धुऊन ओवाळायचं, मग विमानाचं काय? चाकांना पाय म्हणायचं का?

मी पोट धरून हसले. मग बाबा आले, आणि हसणं संपलं.

बाबा म्हणाले, "पोळ्याले मी येतो. खाली येऊन गावावर एक फेरी मारली, तोरणावर फुलं टाकली, तं मी समजीन का पोट्ट्यात दम हाय. मंग पोरगी लागन तितके दिवस ठेवा. नाई तं ऋषिपंचमी झाल्यावर काडी." मामाजी म्हणाले, "मंजूर."

मला कुणी विचारलं नाही, पण मलाही मंजूर आहे. काहीतरी एक ठरू दे, मी या अधांतरीला कंटाळले. म्हणून तुम्हाला आज पहिल्यांदा काही मागते. एक फेरी मारा. फुलं नसली तरी चालतील. माझा संसार त्या फेरीवर आहे.

पंचफुला


रोहणा, तान्हा पोळा

अहो,

बाहेर लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत आहेत आणि मी हे लिहितेय. वरून आखर तुम्हाला कसा दिसला कोण जाणे. खालून कसा होता ते सांगते.

बायका शाळेच्या ओट्यावर उभ्या होत्या. समोर गावभरचे बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. डफडी वाजत होती. रांगेत मामाजी ढवळ्या-पवळ्याला धरून, मागे आपला गडी, आणि त्यांच्या शेजारी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत कुणीतरी तुमच्या नावाचा नारळ ठेवला होता. मामाजींनी त्या तांबड्या कापडाचा फेटाच बांधला होता, वरून ओळखू यावा म्हणून. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतके ते खूश होते.

अकोल्याच्या अंगानं आवाज आला. डफडी थांबली. सगळ्यांनी वर बघितलं. ढगाखालून एक ठिपका निघाला, त्याचे पंख दिसू लागले. मामाजींनी कासरे गड्याकडे टाकले, फेटा सोडला आणि हवेत फिरवायला लागले. "आला! माहा प्रभाकर आला!"

तुम्ही आलात आणि सरळ गेलात. वळला नाहीत, खाली आला नाहीत. पाखरू जातं तसे नागपूरच्या वाटेनं निघून गेलात.

मग मागून एक जण म्हणाला, "वासुदेवराव, वरची जोडी उधळली वाट्टे!" आणि आखरभर हशा. पाटील म्हणाले, "जागा भरून घ्या रे." तुमच्या जागेवर दुसऱ्याची जोडी उभी राहिली. मामाजी कासरे गड्याच्याच हातात ठेवून, फेटा खांद्यावर टाकून घरी निघाले. बाबा ओट्यापाशी आले. "पाह्यलं? त्यानं खाली पाह्यलंबी नाई. आता तरी समजली काय?" मी हो म्हटलं. खरंच सांगते, त्या वेळी तुम्ही हाताशी असता तर मी तुम्हाला झोडपलं असतं.

बैल घरी आले. पाय धुवायचे तर धुवायचेच, त्यांचा काय दोष? मी ढवळ्याच्या तोंडाला पाणी लावलं तर माझा हात लाल झाला. त्याच्या नाकाला वेसणीपाशी चिरलं होतं. गडी म्हणाला, "आवाज आला ना बाई, तं थो मांगं सरला. मी ओढून धरला म्हून थांबला. त्याच्या मांगं समदे लेकरं बसेल व्हते."

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. इतक्या उंचावरून गेलात तरी आमचा गरीब ढवळ्या बिथरला. तुम्ही खाली आला असता, फेरी मारली असती, तर? गावभरचे बैल आणि त्यांच्या पायात गावभरची लेकरं! आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला हे करायला सांगितलं होतं. शेतात जन्म गेलेली माणसं आम्ही, बैल म्हणजे काय ते आम्हाला शिकवायला नको. पण विमानाचं नाव निघालं आणि एकाच्याही डोक्यात बैल आला नाही.

मग मी गोठ्यात बसून रडले, पण ते रडणं वेगळं होतं. मला आर्वीच्या बाजारातले तुम्ही आठवलात. लग्न नवीन होतं, मी बांगड्या भरत होते, आणि तुम्ही दोन्ही हात सोडून सायकल चालवत माझ्यासमोरून गेलात. केळीवालीच्या पाटीत जाऊन पडलात. तो माणूस काल स्वतःच्या बापाच्या डोक्यावरून, सगळं गाव वर बघत असताना, बायको हातची जाणार हे माहीत असताना, सरळ निघून गेला. हौस असती तर तुम्ही खाली आला असता. नुसत्या हौसेच्या माणसाला असा मोका सोडवतच नाही.

म्हणजे विमानाचं उत्तर मला मिळालं, आणि माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. माझं उत्तर मात्र राहिलंच. बैलांची काळजी केलीत, लेकरांची केलीत. माझी केलीत का? बाबा म्हणतात तुम्ही खाली बघितलंच नाही. ते खोटं आहे असं मी कशावरून सांगू?

ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पंच बसणार आहेत. पत्र लिहू नका, तुमच्या पत्रात इंजिन येतं. यायचं तर स्वतः या. नाही आलात तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण मग काडी मोडेन.

पंचफुला


रोहणा, महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी

अहो,

तुम्ही एक दिवस घरात होतात आणि आपलं दोघांचं बोलणं झालं ते एवढंच: "पाणी देऊ का?" आणि "दे." घरात पंच, पाव्हणे, महालक्ष्म्यांची तयारी. बोलायला जागा तरी कुठे होती? म्हणून पुन्हा कागदच.

बैठकीत तुम्ही सगळा वेळ मान खाली घालून बसला होतात. त्यामुळे तुम्ही जे बघितलं नाही ते मी सांगते. मी आतल्या दारात उभी होते.

तुम्ही आलात तेव्हा बाबा म्हणत होते, "येत नाई तो. मोडा काडी." आणि तुम्ही दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात. पुलगावहून येणारी छोटी गाडी पाण्यामुळे मध्येच थांबली आणि तुम्ही पावसात रुळावरून चालत आलात, हे मला नंतर कळलं. तुम्हाला बघून बाबांचं तोंड उघडंच राहिलं. आत्याबाईंनी माझा दंड असा धरला की अजून वळ आहे.

सदाशिवराव पाटील म्हणाले, "काऊन रे, गावाचं नाक कापून गेला तू. खाली काऊन नाई आला?"

तुम्ही म्हणालात, "बैल होते."

"बैल तं हमेशाच राह्यते पोळ्याले."

"म्हूनच नाई आलो. आन् नसते तरी आलो नसतो. माणसायच्या गर्दीवर एवढ्या खालून उडाची परवानगी नाई."

मामाजी भिंतीला टेकून बसले होते. बैलांचं नाव निघालं तसे ते उठून बसले. ढवळ्याच्या नाकाला हळद मीच लावत होते, पण ती जखम कशी झाली हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं. गड्यानं तिथंच सांगितलं. पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

मग माझ्या बाबांनी विचारलं. मला विचारायचं होतं तेच त्यांनी विचारलं. "पोरीनं तुले लिहलं होतं ना, का तिचा संसार त्या फेरीवर हाय म्हून?"

"लिहलं होतं. पत्र खिशातच होतं."

"तरी नाई आला?"

"नाई आलो. उद्या माह्या मांगं वीस-पंचवीस माणसं बसतीन. माह्या घरी काय होऊन राह्यलं, त्यायले काय करा लागते? त्यायले गावाले पोचाचं राह्यते."

"आन् पोरगी गेली असती तं?"

तुम्ही पायावरचा चिखल नखानं काढायला लागलात. मला वाटलं, आता उठून जाता, त्या ताटावरून उठलात तसे. मग तुम्ही इतक्या हळू बोललात की मला पुढे वाकावं लागलं. "खाली पाह्यलं मी. बाबायचा लाल फेटा दिसला. ती कोठी उभी हाय थे दिसलं नाई. नागपूरले उतरलो, इमान जाग्यावर लावलं, आन् त्याच्या मांगं बसून रडलो. लहान लेकरावानी रडलो."

तुमची मान खालीच होती, म्हणून सांगते. बाबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. हे मी लिहिलं असं कळलं तर ते मला मारतील. आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. दोन वर्षं मी जे ऐकायला बसले होते ते तुम्ही सगळ्या गावासमोर बोलून गेलात, आणि बोललात ते माझ्या बाबांशी!

पाटलांनी तेव्हा मला पुढे बोलावलं. त्यांच्या हातात काडी होती. "काय वं पंचफुला, मोडाची काय?"

"कायले मोडता?" मी म्हटलं. "पावसापाण्याचे दिवस हायेत. वाळली काडी कोठी भेटते? द्या इकडे, चूल पेटवाले लागन."

पहिले हसले ते बाबाच. मग सगळेच. तेव्हा तुम्ही मान वर केलीत. ते मी पाहिलं.

तुम्ही गेल्यापासून मामाजींची तऱ्हा काय सांगू! बाजारात, पारावर, मारुतीच्या देवळात एकच गोष्ट. "माह्या पोरानं गावचे बैल वाचवले. कोणतंबी पोट्टं घरच्यायच्या डोक्यावर नाचून जाईन, सरळ जावाले अक्कल लागते." ज्यानं हशा पिकवला होता त्यालाही त्यांनी थांबवून दोनदा ऐकवलं. लाल फेटा आता रोज बांधतात. बाबा काल सिंदीला गेले. जाताना मला म्हणाले, "नागपूरले जाशीन तं गरम कपडे नेजो त्याच्यासाठी. वर लय थंडी राह्यते म्हंते." पुलगावच्या गिरणीतल्या त्या माणसाचं त्यांनी नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

दसरा झाला की मी येते. खोली लहान असली तरी चालेल. विमानात बसायचा आग्रह मात्र करू नका, मला जत्रेतला पाळणासुद्धा सोसत नाही. मला हलकं वाटतंय. सकाळी दळताना मी चक्क गुणगुणत होते, आणि आत्याबाई बघत होत्या तरी थांबले नाही.

एकच मागणं आहे, आणि हे मागणं फेरीसारखं नाही, नीट विचार करून केलंय. वर असताना माझी आठवण काढू नका. मला चालेल, मी रागावणार नाही. तिथे मागे बसलेल्या माणसांचंच बघा. पण चाकं जमिनीला टेकली, इंजिन थांबलं, की दुसरं काही करायच्या आधी काढा.

तुमची,
पंचफुला